होडीवाल्याच्या लेकीने विचारायचं नसतं

वादळ यायला अजून दीड दिवस होता, आणि फिनाची गाय डोंगरावर हरवली होती.

हरवली म्हणजे तशी हरवली नव्हती. फिलिपिन्सच्या उत्तर टोकाच्या साब्तांग बेटावरच्या गायी भारी शहाण्या. वारा फिरायच्या आधीच त्या आपापल्या पायांनी आडोशाच्या अंगाला उतरतात. लोक रेडिओवर एक वेळ विश्वास ठेवणार नाहीत, पण गायींवर ठेवतील. फिनाची गाय मात्र फिनाचीच. साऱ्या बेटाच्या गायी खाली उतरल्या, की ही वर चढणार! "मालकिणीवर गेलीय," असं फिनाचे बाबा, सिप्रियानो, म्हणायचे. ते काही खोटं नव्हतं.

पाऊस यायचा, थांबायचा, पुन्हा भुरभुरायचा... त्याचंही काही ठरत नव्हतं. डोक्यावरून पार कमरेखाली लोंबणारा ताडाच्या तंतूंचा वाकुल घालून फिना चढ चढत होती. वाकुल अंगावर असला की पाऊस बाहेर राहतो आणि आपण आत, ऊबदार. टेकडीच्या माथ्यावर वेळूचं कुंपण होतं. गाय पलीकडे आहे का ते बघायला ती वाकली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"हुर्र... हुर्र... ये, ये—"

गुरांना बोलावतात तसा!

फिना गर्रकन वळली. दहा पावलांवर एक तरुण बांबूच्या खांबाला लोंबकळत उभा होता. खांबाला बांधलेलं बारीक जाळं वाऱ्याने टम्म फुगलं होतं, आणि खांब कुठल्याही क्षणी त्याच्यासकट उडेल असं वाटत होतं. फिनाचा चेहरा दिसला मात्र, त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"तू... माणूस आहेस?"

"नाही, खांब आहे," फिना म्हणाली. "आणि तू कोण? गुराखी?"

"माफ कर. मागून मला वाटलं... याक."

"याक म्हणजे?"

तो जरा घुटमळला. "आमच्याकडची... म्हणजे तशी... केसाळ गाय."

गाय शोधायला आलेल्या मुलीलाच गाय म्हणावं, म्हणजे कमाल झाली! फिना चांगले चार शब्द सुनावणार होती. पण खांब कलला, जाळ्यातली पाखरं फडफडली, आणि शिव्या राहिल्या बाजूला. तिने धावत जाऊन खांब दोन्ही हातांनी धरला.

"धरलाय मी. तू पाखरं सोडव आधी!"

त्याने एकेक पाखरू सोडवलं. काय हलके हात होते त्याचे! शेवटचं पाखरू तपकिरी होतं, डोळ्यावर काळा पट्टा. ते सुटायच्या आधी त्याच्या अंगठ्याला कडकडून चावलं.

"खाटीक पक्षी," तो अंगठा चोखत म्हणाला. "एवढासा जीव आणि स्वभाव बघ."

"चांगला आहे स्वभाव," फिना म्हणाली. "मलाही हेच करायचं होतं."

तो हसला. फिना खांबाकडे बघत राहिली... खांबाकडेच.

नाव त्याचं तेमूलेन. ते तिला आधीच ठाऊक होतं. बेटावर परकं कुत्रं उतरलं तरी संध्याकाळपर्यंत गावभर होतं, हा तर अख्खा माणूस. मंगोलियाहून आलेला, तीन आठवडे टेकडीवर तंबू ठोकून बसलेला, पाखरांच्या पायांत नंबराचे वाळे घालून सोडून देणारा. गावाने त्याचा तेमू केला होता, आणि आल्यापासून तो बेटाची भाषा मोडकीतोडकी पण न लाजता बोलत होता.

"आमच्या पाखरांना वाळे घालायला एवढ्या लांब आलास?"

"तुमची कुठली? जन्मतात आमच्या गवतात. इथे नुसती थंडीपुरती पाहुणी."

"आठ महिने मुक्काम ठोकणाऱ्याला आम्ही पाहुणा म्हणत नाही."

तो मान खाली घालून जाळं गुंडाळू लागला. फिनाला फार बरं वाटलं.

गाय सापडली त्याच्याच तंबूमागे, अगदी आडोशाला, त्याच्या वहीचा कोपरा शांतपणे चघळत. निघताना फिना तंबूकडे बोट करून म्हणाली, "परवा सकाळी हा इथे नसेल. आमच्या घरी ये. दगडाच्या भिंती आहेत, हातभर जाड."

"मंगोलियातही वारा असतो."

"असेल. तिथे वाऱ्याबरोबर समुद्र उडत येतो का?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बोचकं घेऊन दारात हजर.

वादळाआधी बेटावर कोणी कोणाला बोलवत नाही. ज्याचं छप्पर बांधायचं राहिलंय तिथे आळी आपणहून जमते, आणि गवताच्या छपरावर दोरांची जाळी टाकून ती जमिनीतल्या दगडांना बांधते. तेमूही वर चढला. एक दोर त्याने असा काही पिळून बांधला, की सिप्रियानोने जवळ येऊन ती गाठ ओढून बघितली. पुन्हा ओढली. मग दाताने ओढली. चाळीस वर्षं धक्क्याला होडी बांधणाऱ्या माणसाला एक गाठ सुटेना!

"कुठली रे ही?"

"आमची घरं नमद्याची असतात, काका, दाबलेल्या लोकरीची. वाऱ्यात अशीच बांधतो. माझ्या आईने शिकवली."

सिप्रियानोने नुसतं "हं" केलं. आळीतली लसूणवाली रोमानाकाकू फिनाच्या कानाशी लागली. "सिप्रियानोचं 'हं' म्हणजे दुसऱ्याचं दहा मिनिटांचं भाषण, बरं का पोरी."

"मला काय त्याचं, काकू?"

"तुला कुठे काय! मी आपलं भिंतीला सांगितलं."

मग वादळ आलं. दिवसभर घराबाहेर कोणीतरी अवाढव्य श्वास घेत होतं. आत दिव्याचा पिवळा उजेड होता, हळदीच्या भाताचा वास होता, आणि सिप्रियानो उसाच्या दारूचे दोन घोट घेऊन कोपऱ्यात घोरत होता. फिना आणि तेमू भिंतीला पाठ लावून बसले होते. मध्ये हातभर अंतर. वाऱ्याने एकदम हिसका दिला, छपरावरचे दोर करकरले, आणि ते अंतर वीतभर झालं. कोण सरकलं ते देव जाणे.

"घाबरलीस?"

"मी? इथे जन्मलेय मी. तूच सरकलास."

"हो, मीच सरकलो," तो सरळ म्हणाला.

थोड्या वेळाने तो हळू आवाजात सांगू लागला, "घरून निघालो ना, तर आईने माझ्यामागे दूध शिंपडलं. आमची रीत आहे. पळीभर दूध आभाळाकडे उडवायचं, म्हणजे वाट पांढरी होते, सुखाची होते. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर निघालोच नसतो."

"इथून जाशील तेव्हा—" फिनाने जीभ चावली.

"तेव्हा काय?"

"काही नाही. भात घेतोस अजून?"

आता ही जीभ का चावली, ते सांगायला हवं.

सिप्रियानोच्या घरी एक नियम होता. वादळाच्या महिन्यांत, म्हणजे जूनपासून पार नोव्हेंबर सरेपर्यंत, कोणालाही 'कधी जाणार' असं विचारायचं नाही. ते वाऱ्याने ठरवायचं, माणसाने नाही. सिप्रियानोच्या धाकट्या भावाला, फिनाच्या काकाला, त्याच्या बायकोने, म्हणजे काकीने, अशाच एका सकाळी सहज विचारलं होतं. तो हसत निघाला, आणि होडीची एक फळीसुद्धा परत आली नाही. तेव्हापासून धक्क्यावर कोणी चुकून जरी विचारलं, तरी सिप्रियानो दोर पुन्हा बांधून टाकायचा. त्या दिवशी होडी बंद! गेल्या वर्षी मनिलाच्या एका पाहुण्याने घड्याळ बघत विचारलं, आणि सोळा माणसं नि एक डुक्कर दिवसभर धक्क्यावर रताळी खात बसले. तेव्हापासून नवखा माणूस दिसला की रोमानाकाकू त्याच्या तोंडाशी हात नेऊनच बसायची.

हे तेमूला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे तेच शब्द तोंडातून काढायचे. फिना होडीवाल्याची एकुलती एक लेक. आई गेल्यापासून बाबांची होडी परत येईस्तोवर रोज सकाळी धक्क्याकडे कान लावून बसणारी. तिच्या तोंडून ते निघणं शक्यच नव्हतं.

तंबू उडालाच होता. तेमू मग सिप्रियानोच्या होडीच्या शेडमध्ये राहायला आला. फिना रोज दुपारी खायला केळीच्या गाभ्याचे गोळे घेऊन टेकडीवर जायची, आणि तो वाळे घालताना वहीत आकडे लिहायची. पंखाची लांबी अमुक, वजन तमुक... आकड्यांच्या मध्येमध्ये त्याच्या मानेवरचा तीळ बघायची. एकदा तिने 'तीस ग्रॅम'ऐवजी 'तीळ ग्रॅम' लिहिलं आणि अख्खं पान फाडून टाकलं. सर आली की दोघं एकाच वाकुलखाली. तो म्हणायचा, "याकच्या पोटाखाली वासरं अशीच उभी राहतात." ती कोपर मारायची. कोपर लागलं की तो कळवळायचा, जरा जास्तच. अंगाला ओल्या गवताचा वास, आणि त्याच्या श्वासाचा... ते दिवस फिनाला खरे वाटतच नसत.

ऑक्टोबर सरत आला. आभाळ धुतल्यासारखं निळं झालं. उत्तरेकडून शिकारी पक्ष्यांचे थवे गिरक्या घेत उतरत होते, आणि तेमू त्या दिवशी मोजायचं सोडून नुसता बसला होता.

"विद्यापीठाचं पत्र आलंय," तो म्हणाला.

फिनाचा हात वहीवर थांबला.

"म्हणतात, वसंतात पाखरं परत निघतात ती मोजायला माणूस हवाय. राहतोस का अजून वर्षभर... शुक्रवारच्या आत कळवायचंय. नाहीतर गुरुवारच्या होडीनं पलीकडच्या बेटावर, बास्कोला, आणि तिथून विमान." तो वळला. डोळ्यांत बघत म्हणाला, "काय करू मी, फिना?"

'रहा!' शब्द अगदी ओठांवर होता. रहा रे, जाऊ नकोस, तू गेलास तर ही टेकडी मला खायला उठेल! पण जाणं आणि राहणं बोलायचं नसतं. बोललं की वारा ऐकतो. काकीने नुसतं विचारलं होतं...

"वारा ठरवेल," ती म्हणाली.

होडीवाल्यांच्या घरात याहून मायेचं उत्तर नसतं. पण तेमूला ते कुठून कळणार?

"वारा," तो म्हणाला. बराच वेळ गवताची काडी मोडत राहिला. "दोन महिन्यांत तू एकदाही विचारलं नाहीस. तू कधी जाणार, राहणार का, काहीच नाही. आमच्याकडे दारात आलेल्या वाटसरूलासुद्धा विचारतात. मला वाटलं होतं... जाऊ दे."

"तेमू—"

"मघाच्या पाखराचं वजन लिही. एकतीस."

तिने एकतीस लिहिलं. आकडा ओला झाला.

बुधवारी रोमानाकाकू लसणाच्या वेण्या घालत दारातूनच ओरडली, "तो मंगोल्या सामान बांधतोय! आणि तू रताळी सोलत बसलीयेस?"

"मग काय करू, काकू? तुम्हाला ठाऊक नाही का आमच्याकडचं?"

काकूचे हात थांबले. "ठाऊक आहे गं," ती एकदम मऊ होऊन म्हणाली. "ठाऊक आहे म्हणून तर ओरडतेय."

गुरुवारी उजाडता उजाडता फिनाने गायीचं दूध काढलं, तापवलं, आणि बाटलीत भरून वाकुलच्या आत छातीशी धरलं. सिप्रियानो दोर खांद्यावर टाकून निघाला होता.

"दूध कशाला?"

"सहज."

सिप्रियानोने "हं" केलं. या वेळी ते लांबलचक होतं.

धक्क्यावर गर्दी होती. समुद्र तर असा की नवल! सबंध मोसमात इतका निवांत दिवस उगवला नव्हता. पाणी ताटात ओतल्यासारखं सपाट, आभाळ गुलाबी, वाऱ्याचं नाव नाही. होडीत रोमानाकाकू लसणाच्या राशीवर बसली होती, शेजारी कोणाचं तरी डुक्कर. तेमू पाठीवर बोचकं घेऊन उभा होता. रात्रभर झोपला नसावा.

फिनाने बाटली बाहेर काढली. त्याने बघितलं, आणि त्याचा चेहरा कसानुसा झाला.

"हे..."

"तुझी आई इथे नाही ना," ती म्हणाली. "वाट पांढरी व्हायला हवी."

"लक्षात ठेवलंस तू." त्याने बोचक्याचा पट्टा घट्ट केला. "मी वळून बघणार नाही हं, फिना. बघितलं तर..."

तो वळला. फळीवर एक पाय ठेवला. सिप्रियानोने दोर सोडायला हात घातला.

फिनाने झाकण काढलं. बाटली उंच धरली. आता कलती करायची, बस्स. दूध उडेल, वाट पांढरी होईल, आणि तो त्या वाटेने निघून जाईल. हात कलेचना! मनगट जणू दुसऱ्याचं. आणि मग दोन महिने गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"तेमू! कधी जाणार तू?"

धक्क्यावरच्या सगळ्या माना वळल्या. डुकराचीसुद्धा.

तेमू फळीवरच वळला. कान लाल झाले होते. "हे काय विचारणं झालं? जातोच आहे ना. इतकी घाई झालीय तुला?"

"अगं बाई गं!" होडीतून रोमानाकाकूने कपाळावर हात मारला. "गेली! आजची होडी गेली! माझा लसूण, बास्कोचा बाजार..."

"काका, पण समुद्र तरी बघा," कोणीतरी काकुळतीने म्हणालं. "सुरकुती नाही पाण्यावर!"

सिप्रियानोने कोणाकडे बघितलं नाही. लेकीपुढे येऊन उभा राहिला. तिच्या डोळ्यांत भीती होती, खरीखुरी. काकीची गोष्ट तिनेही लहानपणापासून ऐकलेली.

"माझ्या धक्क्यावर, फिने?"

"हो, बाबा."

"समजून विचारलंस?"

"समजून विचारलं."

सिप्रियानोने त्या गुळगुळीत समुद्राकडे बघितलं. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वारा येणार आहे. उतरा सगळे." आणि दोर दगडाला बांधला. नेहमीची गाठ नाही मारली. नमद्याच्या घरांची मारली, ती न सुटणारी.

तेमूची नजर गाठीवर खिळली होती. "काय चाललंय? काकू, काय झालं?"

"अरे बैला!" रोमानाकाकू लसणाच्या माळा गळ्यात अडकवून उतरत होती. "होडीवाल्याच्या लेकीने 'कधी जाणार' विचारायचं नसतं. विचारलं की होडी निघत नाही. जन्मात विचारलं नव्हतं पोरीने कोणाला. आज गावादेखत विचारलं. कळलं का? का पाटीवर लिहून देऊ?"

तेमू पहिल्यांदा काकूकडे बघत राहिला. मग फिनाकडे. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं...

"म्हणजे तू विचारत नव्हतीस, ते..."

"जीव गेला असता तरी विचारलं नसतं," फिना म्हणाली, आणि आता डोळे वाहू लागले ते थांबेनात. "तू काकासारखा जाऊ नयेस म्हणून विचारत नव्हते. आणि आज तू जाऊ नयेस म्हणूनच विचारलं. आवडतोस तू मला. आता वारा येऊ दे नाहीतर काहीही होऊ दे!"

त्याने फळीवरून पाय काढला. खिशातून घडी घातलेले दोन कागद काढले. "दोन उत्तरं लिहून ठेवली होती. एक 'येतो', एक 'राहतो'. म्हटलं, बास्कोला पोचेपर्यंत ठरवू. निघण्याआधी तू हाक मारशील, अशी वेडी आशा." त्याने 'येतो'चा कागद टराटरा फाडला. दुसरा काकूच्या पुढे धरला. "काकू, तारकचेरी किती वाजता उघडते? हा आजच्या आज पाठवायचाय."

"हे असलं विचार," काकू म्हणाली. "हे विचारलेलं चालतं. नऊला."

"आणि फिना..." तो तिच्याजवळ आला. वाकुलच्या कडेचा एक तंतू बोटाला गुंडाळत राहिला. "आठ महिने मुक्काम ठोकणाऱ्याला तुम्ही पाहुणा म्हणत नाही ना?"

"नाही म्हणत."

"मग वर्षभर राहणाऱ्याला काय म्हणता?"

फिना लाजली. पण हरली नाही. "ते नंतर सांगेन. आधी हे दूध पी. शिंपडायचं नाहीये मला."

तो बाटली तोंडाला लावून गटागटा प्यायला. वरच्या ओठावर पांढरी मिशी उमटली. फिनाने बोटाने ती पुसली. धक्क्यावरची सगळी माणसं आभाळाकडे बघू लागली.

"कसं आहे?"

"घरच्यासारखं," तो म्हणाला. "अगदी याकच्या—"

तिचं कोपर बसलंच. तो कळवळला, नेहमीसारखा जरा जास्तच, आणि कोपर धरून ठेवलं ते सोडलं नाही.

त्या दिवशी बेटावर गवताची काडीसुद्धा हलली नाही. समुद्र संध्याकाळपर्यंत तसाच निजून होता. रोमानाकाकू सगळ्यांना ऐकवत होती की असला दिवस वाया घालवणारी माणसं तिने पाहिली नाहीत. सिप्रियानो मात्र धक्क्यावर रताळं सोलत, ज्याला त्याला सांगत होता, "थांबा जरा. वारा येतोय."